चित्रांची चाळण

दिवाळीच्या पुढेमागे आमच्या मेढ्याला या. जावळी तालुक्यातील भाताची खाचरे तोवर बरीचशी कापून झालेली असतात, झोडणी उरकत आलेली असते आणि भातगिरणीपुढे पोत्यांची रांग लागलेली असते. गिरणीतून तांदूळ बाहेर पडला की शेतकरी सर्वांत आधी काय करतो? मूठभर तांदूळ तळहातावर घेतो आणि बोटाने पसरून पाहतो. अख्खा दाणा किती आणि कणी किती, हा त्याचा प्रश्न असतो. कणी जास्त असली की भाव उतरतो. मग भात नीट वाळले नव्हते की गिरणी नीट लावलेली नव्हती, यावर दोन्ही बाजूंनी वाद सुरू होतो. आणि हा सगळा वाद नुसत्या नजरेच्या अंदाजावर चालतो!

आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनींच्या मनात आले, की तांदळाचे छायाचित्र घेऊन संगणकाकडूनच कणी मोजून घ्यावी. परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी ८० अख्खे आणि २० तुटके दाणे हाताने मोजून एकत्र मिसळले, काळ्या कापडावर पसरले आणि वरून छायाचित्र घेतले. मी सांगितलेली रीत त्यांनी तंतोतंत वापरली. संगणकाने उत्तर दिले : दाणे शंभराहून बरेच कमी, आणि कणी शून्य! चूक मुलींची नव्हती आणि संगणकाचीही नव्हती. ती माझी होती. ती कोणती, हे समजून घेताना आपल्याला गणिताच्या एका सुरेख शाखेची ओळख होईल. तिचे नाव गणितीय आकारविज्ञान.

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

संगणकाला तांदूळ दिसत नाही. त्याला दिसतो आकड्यांचा तक्ता. छायाचित्र हे बारीक बारीक चौकटींचे बनलेले असते. प्रत्येक चौकटीसाठी एक आकडा असतो : काळ्याकुट्ट चौकटीला ०, पांढऱ्याशुभ्र चौकटीला २५५ आणि मधल्या करड्या छटांना मधले आकडे. आता आपण एक उंबरठा ठरवू. समजा, १२८ हा उंबरठा. ज्या चौकटीचा आकडा याहून मोठा तिथे १ लिहायचे, म्हणजे ‘इथे तांदूळ आहे’. बाकी सगळीकडे ०, म्हणजे ‘इथे कापड आहे’. झाले! छायाचित्राचे आता भरलेल्या आणि रिकाम्या चौकटींच्या नकाशात रूपांतर झाले.

दाणे मोजायचे म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या भरलेल्या चौकटींचे पुंजके मोजायचे. पण इथेच अडचण येते. दोन दाणे नुसते टेकले तरी त्यांचा एकच पुंजका होतो. उलट कापडावरचा धुळीचा कणही एक पुंजका म्हणून मोजला जातो. म्हणून मोजण्यापूर्वी चित्र साफ करावे लागते. ते कसे करतात, हे पाहण्यासाठी संगणकाची गरज नाही. गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या.

झीज आणि वाढ

वहीत ५ × ५ चौकटींचा एक भरीव चौरस काढा. त्याच्या उजवीकडे तीन चौकटी सोडून तसाच दुसरा चौरस काढा. आता दोन्हींच्या मधल्या ओळीत, त्या तीन चौकटी भरून दोघांना जोडणारा पूल तयार करा. थोड्या अंतरावर एकच सुटी चौकट भरा, ती आपली धूळ. भरलेल्या चौकटी किती झाल्या? २५ + २५ + ३ + १ = ५४. संगणक म्हणेल, दोन वस्तू आहेत : एक जोडदाणा आणि एक धुळीचा कण. खरे दाणे दोनच आहेत, पण हे ‘दोन’ चुकीने आलेले दोन आहेत!

आता ३ × ३ चौकटींची एक खिडकी घ्या. तिला आपण साचा म्हणू. साच्याची मधली चौकट चित्रातील प्रत्येक भरलेल्या चौकटीवर आळीपाळीने ठेवा आणि विचारा : साचा पूर्णपणे भरलेल्या भागात मावतो का? नऊच्या नऊ चौकटी भरलेल्या असतील तर मधली चौकट राहू द्या. एक जरी रिकामी असेल तर मधली चौकट खोडा. मात्र खोडाखोड दुसऱ्या कागदावर करा आणि प्रश्न नेहमी मूळ चित्राला विचारा. नाहीतर एक खोडल्यामुळे पुढची खोडावी लागेल आणि शेवटी काहीच उरणार नाही.

काय उरले? प्रत्येक चौरसाची बाहेरची कड गेली आणि आत ३ × ३ चा गाभा राहिला. पूल गेला, कारण तो एकच चौकट रुंद होता. धूळही गेली. या क्रियेला झीज म्हणतात. आता खरोखरचे दोन दाणे सुटे झाले, पण ते लहान झाले : २५ ऐवजी ९ चौकटींचे.

ते मूळ आकारावर आणण्यासाठी उलट क्रिया करायची. उरलेल्या प्रत्येक चौकटीवर साच्याचा मध्य ठेवायचा आणि साच्याखालच्या सगळ्या चौकटी भरायच्या. ही झाली वाढ. ३ × ३ चे गाभे पुन्हा ५ × ५ चे होतात. चौकटी ५० झाल्या. पण पूल आणि धूळ परत येत नाहीत, कारण वाढायला त्यांचे बीजच शिल्लक नाही!

आधी झीज आणि मग वाढ, या जोडक्रियेला आपण उघडणी म्हणू. मिळालेल्या चित्रावर पुन्हा तीच उघडणी करून पाहा. काहीही बदलत नाही. यात आश्चर्य नाही. एकदा चाळलेले पीठ त्याच चाळणीने पुन्हा चाळले तर चाळणीवर नवीन काही राहत नाही. उघडणी ही चित्रांची चाळण आहे. ज्यात साचा मावतो ते राहते आणि ज्यात मावत नाही ते गळून जाते.

एका ठिपक्याने दाणा गिळला

पण थांबा. आणखी एक ५ × ५ चा चौरस काढा आणि त्याची अगदी मधली एकच चौकट रिकामी ठेवा. तांदळावर कधी कधी काळसर डाग असतो, तसा तो समजा. आता झीज करा. सारा दाणा नाहीसा होतो! कारण ५ × ५ च्या चौरसात ३ × ३ चा साचा कुठेही बसवला, तरी तो मधल्या चौकटीला झाकतोच. एका डागापायी २४ चौकटींचा दाणा हिशेबातून गेला.

यावर उपाय म्हणजे क्रियांचा क्रम उलटा करणे. आधी वाढ करा : चौरस ७ × ७ चा होतो आणि मधले भोक बुजते. मग झीज करा : भरीव ५ × ५ चा चौरस मिळतो. आधी वाढ आणि मग झीज, हिला मिटवणी म्हणू. म्हणजे त्याच दोन क्रिया, पण क्रम बदलला की एकीत दाणा नाहीसा होतो आणि दुसरीत तो दुरुस्त होतो. पायमोजा आणि बूट यांचा क्रम बदलून चालत नाही, तसेच हे आहे.

मग नेहमी आधी मिटवणी केली तर? तेही बिनधोक नाही. दोन वेगळे ५ × ५ चौरस मध्ये दोनच चौकटींची फट ठेवून काढा आणि मिटवणी करा. वाढ करताना दोघे एकेक चौकट पुढे सरकतात आणि एकमेकांना भिडतात. नंतरची झीज त्यांना वेगळे करू शकत नाही. ६० चौकटींचा एकच लांबट दाणा मिळतो! म्हणजे दाणे पसरतानाच त्यांच्यात पुरेशी फट ठेवायला हवी. प्रयोगातील निष्काळजीपणा गणित भरून काढत नाही.

वेण्णेच्या उगमाजवळचा धडा

कधी दाणे टोकाने न टेकता कुशीने टेकतात. तेव्हा त्यांना जोडणारा पूल रुंद असतो आणि लहान साच्याच्या उघडणीने तो तुटत नाही. अशा वेळी एक वेगळी युक्ती वापरतात. ती आपल्या भागातील मुलांना चटकन कळेल.

महाबळेश्वरच्या माथ्यावर पाऊस पडतो. एका अंगाला पडलेले पाणी सावित्री नदीतून अरबी समुद्राला जाते. दुसऱ्या अंगाचे पाणी वेण्णेतून मेढ्यावरून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. दोन्हींच्या मधल्या उंच रेषेला भूगोलात जलविभाजक म्हणतात.

आता दाण्यांच्या चित्रावर झीज पुन्हा पुन्हा करा. कडेची चौकट पहिल्याच फेरीत जाते, तिला १ लिहा. त्याआतली दुसऱ्या फेरीत जाते, तिला २ लिहा. अशा रीतीने दाण्याच्या मध्याला सर्वांत मोठा आकडा मिळेल. हे आकडे म्हणजे जमिनीची खोली माना. आता प्रत्येक दाणा हा एक खळगा झाला. खळग्यांच्या तळातून पाणी वर चढू द्या, आणि दोन खळग्यांचे पाणी जिथे एकमेकांत मिसळू पाहील तिथे बांध घाला. तो बांध म्हणजेच दोन दाण्यांमधली सीमा. ही कल्पना १९७९ साली फ्रान्समधील सर्ज ब्यूशे आणि क्रिस्तियाँ लाँत्युएझूल यांनी चित्रांसाठी मांडली. तिचे नावही जलविभाजक असेच आहे.

चाळणीचे भोक गोल की लांब?

आता माझ्या चुकीकडे वळू. डाग बुजवले, दाणे सुटे केले, तरी कणी शून्यच का आली?

छायाचित्रात १ मिलिमीटरला १० चौकटी होत्या असे धरू. एखाद्या जातीचा अख्खा दाणा ६ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद असेल, तर चित्रात तो ६० चौकटी लांब आणि २० चौकटी रुंद दिसेल. मी मुलींना १५ चौकटी व्यासाचा गोल साचा वापरायला सांगितला होता. ‘साचा दाण्यात मावला तर दाणा, नाही मावला तर कणी किंवा कचरा’, असा माझा विचार. पण तांदूळ आडवा तुटतो! तुटल्यावर त्याची लांबी कमी होते, रुंदी तेवढीच राहते. त्यामुळे ३ मिलिमीटरच्या तुकड्यातही माझा गोल साचा आरामात मावला आणि तो तुकडा अख्खा दाणा म्हणून मोजला गेला. अगदी बारीक कणी धुळीबरोबर पुसली गेली. मोठी कणी दाण्यांत जमा, बारीक कणी धुळीत जमा, आणि कणी म्हणून शिल्लक कोणीच नाही. मला लांबी विचारायची होती, पण माझा साचा रुंदी विचारत होता.

सरकारी तांदूळ खरेदीच्या मानकांत पाऊण दाण्याहून लहान तुकडा तुटका धरतात. आपल्या ६० चौकटींच्या दाण्याची पाऊण लांबी म्हणजे ४५ चौकटी. म्हणून साचा हवा तो ४५ चौकटी लांबीच्या सरळ रेषेचा. पण दाणे कापडावर वाटेल त्या दिशेला पडलेले असतात. मग एकच रेषा न घेता दर १५ अंशांनी फिरवलेल्या १२ रेषा घ्यायच्या. यांपैकी कोणतीही एक रेषा ज्यात मावेल तो दाणा अख्खा, एकही मावणार नाही तो तुटका. यात एक सावधगिरी हवी. तिरप्या रेषेवर एका चौकटीपासून पुढच्या चौकटीचे अंतर १ नसून सुमारे १.४१ असते. म्हणून ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत ४५ नव्हे, तर ३२ चौकटीच घ्यायच्या. पायथागोरसचे प्रमेय भातगिरणीतही उपयोगी पडते ते असे!

क्रमही पाहा. टोकाला टोक लावून पडलेल्या दोन कण्या सुट्या न करता रेषेचा साचा वापरला, तर त्या मिळून एक अख्खा दाणा ठरतील. म्हणून आधी डाग बुजवायचे, मग दाणे सुटे करायचे आणि शेवटी लांबी विचारायची. मुलींनी याच क्रमाने काम पुन्हा केले. उत्तर हाताच्या मोजणीच्या जवळ आले. अगदी तंतोतंत आले नाही, कारण कुशीने घट्ट चिकटलेले काही दाणे तरीही सुटले नाहीत. त्यांनी वहीत तेही लिहून ठेवले.

खाणीतून आलेले गणित

या शास्त्राचा जन्मही अशाच एका प्रश्नातून झाला. १९६४ साली फ्रान्समध्ये जॉर्ज माथरों आणि त्यांचे विद्यार्थी जाँ सेरा पॅरिसच्या खाणकाम विद्यालयासाठी काम करीत होते. सेरा यांच्यापुढे लॉरेन प्रांतातील लोहखनिज होते. खनिज दळायचे तर त्यातले कण किती मोठे आहेत आणि ते एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे कळायला हवे. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्या चित्रावर निरनिराळे साचे फिरवायचे आणि साचा कुठे कुठे मावतो ते मोजायचे, अशी रीत त्यांनी काढली. वाढत्या आकाराच्या साच्यांनी एकामागून एक उघडणी केली की कोणत्या आकाराचे कण किती, हे समजते. खडक न फोडता केलेली ही चाळणीच होती. पुढे १९६८ साली पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो येथे या विषयाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले आणि १९८२ साली सेरा यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लॉरेनचे खनिज आणि जावळीचा तांदूळ यांत फरक असेल, पण दळणाऱ्याचा प्रश्न एकच आहे.

हीच चाळण उपग्रहाच्या चित्रांनाही लावता येते. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रात एक चौकट जमिनीवरील १० मीटरची असते. मेढ्यावरून वाहणारी वेण्णा पुढे कण्हेर धरणाच्या जलाशयात शिरते. चित्रात पाण्याच्या सगळ्या चौकटी १ केल्या, तर नदी आणि जलाशय मिळून एकच पुंजका दिसेल. त्यावर ११ × ११ चौकटींच्या, म्हणजे ११० मीटरच्या साच्याने उघडणी केली, की अरुंद नदी गळून जाते आणि रुंद जलाशय राहतो. मग मूळ चित्रातून हे चित्र वजा करा. उरेल ती नदी आणि जलाशयाच्या काही चिंचोळ्या कडा! चाळणीतून गळलेले टाकून द्यावे लागतेच असे नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बंगळूर केंद्रातील प्रा. बी. एस. दया सागर यांनी जलाशय, नद्यांची जाळी आणि भूरूपे यांच्या अभ्यासासाठी या गणिताचा मोठा उपयोग केला आहे. २०१३ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तुमच्यासाठी प्रयोग

चौकटीच्या वहीत ‘मेढा’ हा शब्द मोठ्या, ठळक अक्षरांत काढा. आता आडव्या लांब रेषेचा साचा घेऊन उघडणी करा. साच्याची लांबी एका अक्षराच्या रुंदीहून जास्त ठेवा. काय उरते? फक्त शिरोरेषा. ती मूळ शब्दातून वजा केली की ‘म’, ‘ढ’ आणि काना सुटे होतात. छापील देवनागरी मजकूर संगणकाला वाचायला शिकवताना शिरोरेषा बाजूला काढणे ही एक महत्त्वाची पायरी असते. मग साचा उभा धरा आणि त्याची लांबी जवळजवळ अक्षराच्या उंचीइतकी ठेवा. या वेळी ‘म’चा दंड आणि ‘ढ’चा काना राहतील, बाकी सारे गळून जाईल. शब्द तोच आहे, प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले. वही जराशी तिरपी धरून शब्द काढला, तर काय होईल? करून पाहा.

शिक्षकांना एक विनंती. तांदळाचा प्रयोग वर्गात जरूर करावा. भ्रमणध्वनीचा कॅमेरा, काळे कापड आणि मूठभर तांदूळ एवढे साहित्य पुरते, आणि या सर्व क्रिया करणाऱ्या संगणक-प्रणाली आज विनामूल्य मिळतात. मात्र दाणे आधी हाताने मोजून घ्यावेत आणि चित्रात मोजपट्टी ठेवावी. उत्तर लिहिताना साचा कोणत्या आकाराचा आणि किती मोठा घेतला, हे त्याशेजारी लिहायला लावावे. ‘कणी शून्य’ एवढेच लिहिले तर ते संगणकाचे प्रमाणपत्र वाटते. ‘१५ चौकटींच्या गोल साच्याने कणी शून्य’ असे लिहिले, तर पाहणारा लगेच विचारील, ‘पण तांदूळ तर लांबीत तुटतो ना?’

गिरणीपुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा भाव त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.